एकाच पोस्ट बॉक्समधली माणसं

शुक्रवार म्हणजे आमच्या घरी माशांचा दिवस. नवरा मोरीपाशी बसून साफी मासे साफ करत होता, मी वाटण लावत होते आणि त्याचा फोन ओट्यावर सारखा वाजत होता. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून त्याने मान वाकडी करून स्क्रीनवरचं वाचलं आणि मला विचारलं, "ह्यो गॅझेटेड अधिकारी हयसर खंय गावतलो गो?"

"हयसर म्हणजे बहारीनमध्ये, या हूऱ्यात?" मी म्हटलं. "खाली कोल्ड स्टोअरमध्ये विचारा. अंड्यांपासून सिमकार्डापर्यंत सगळं ठेवतात, असेल एखादा."

तो हसला नाही. शुक्रवारी, समोर मासे असताना हा माणूस हसत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. मी मिक्सर बंद केला आणि फोन हातात घेतला.

निरोप गावाकडून होता, त्याच्या वाडीच्या विकास मंडळाचा. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन सिंधुदुर्गातल्या त्या वाडीत गेले, म्हणून तिकडे मला अजून 'घाटावरची' म्हणतात. म्हणोत बापडे. त्याचा मला फायदाच झालाय. घाटावरचीला काय कळतंय, असं म्हणून माणसं मला सगळं पहिल्यापासून सांगत बसतात आणि मला तेच हवं असतं. नवरा म्हणतो, तुझं नाक पोलिसात भरती व्हायला हवं होतं.

तर हे मंडळ. वाडीतलं पाणी, वाट, विजेचा खांब, देवळाचा रंग, सगळं मंडळात ठरतं आणि एकमत झालं नाही की मतदान होतं. आता वाडीतली अर्धी माणसं मुंबईला, उरलेल्यांतली बरीच आखातात. म्हणून फार पूर्वीपासून तिथे पाकिटातून मत द्यायची सोय आहे. गावाहून कोऱ्या मतपत्रिका येतात, आपण खूण करायची, पाकीट चिकटवायचं, वर सही करायची आणि टपालाने नाहीतर गावी जाणाऱ्या कुणाच्या हाती धाडायचं. मला ही पद्धत फार आवडायची. आमच्या साताऱ्याकडच्या गावात मुंबईला गेलेल्याला कुणी विचारत नाही. इथे समुद्रापलीकडच्या माणसाला विचारतात, तुला देऊळ पिवळं हवं की भगवं. केवढी गंमत!

नव्या निरोपात वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सभासदांचा कौल: टपाली मतांचे नवे नियम'. आमची लेक पलीकडून डोकावून गेली. तिला मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीतूनच येतं. "मम्मा, व्हाय आर दे व्होटिंग फॉर अ रूफ टाइल?" मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, पुढचे नियम वाचल्यावर वाटलं, पोरीचा प्रश्न काही अगदीच वेडा नाही.

पाकीट फक्त रजिस्टर्ड टपालाने यावं, हस्ते-परहस्ते आलेलं चालणार नाही. पाकिटावर सभासदाचा स्वतःचा स्वतंत्र पत्ता असावा. सहीवर भारत सरकारच्या गॅझेटेड अधिकाऱ्याची साक्ष आणि शिक्का असावा. आणि हे सगळं मतमोजणीच्या आधी आठवडाभर गावात पोचलेलं असावं.

"म्हणजे देऊ नका मत असं सरळ सांगायचं ना!" मी म्हटलं.

"गप रव गो," नवरा म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता, कारण या खेपेचं मतदान देवळाच्या रंगाचं नव्हतं.

वाडीला रस्ता मंजूर झाला होता. पण एकाच बाजूने. एकतर शाळेकडून चढून देवळापाशी, वरच्या घरांपर्यंत येणार, नाहीतर खालून, वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेने, खालच्या घरांपर्यंत येणार. दोन्हीला पुरतील एवढे पैसे नव्हते. आणि खालच्या घरांत शेवटचं घर होतं माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाच्या आईचं.

या चुलतभावाला मी भाऊजी म्हणते; त्यांची आई 'माझो झील' म्हणते, म्हणजे माझा मुलगा. इथेच बहारीनमध्ये, तुबलीच्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करतात. हात असा की ठोकलेली गाडी कुठे ठोकली होती ते मालकालाही सापडू नये. तोंडाने मात्र मुके. बोलले तरी "होय", "नाय" आणि "बघूया" एवढंच. बरीच वर्षं घरी गेलेले नाहीत. रजा मागितली की गॅरेजचा मालक "बादेन, बादेन" म्हणतो, म्हणजे नंतर, नंतर. भाऊजी ते ऐकून पुन्हा पत्रा घासायला बसतात.

त्यांच्या आईला, आमच्या काकींना, साखरेचा आजार. त्यात गुडघे गेलेले. दवाखान्यात न्यायचं तर त्यांना खुर्चीत बसवायचं, खुर्चीला बांबू बांधायचे आणि चौघांनी उचलून पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून वर रस्त्यापर्यंत न्यायचं. उचलायला आता वाडीत उरलंय कोण? उचलणारेच सत्तरीचे. मागच्या पावसाळ्यात एकाचा पाय घसरला आणि काकी खुर्चीसकट वहाळात. फार लागलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी हट्ट धरला, "आता रस्तो होऊंदे, मगे बघूया दवाखानो." पायाच्या अंगठ्याला जखम झालेली होती, ती भरत नव्हती. मी इथे एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. साखर असलेल्या माणसाची न भरणारी जखम म्हणजे काय, ते मी रोज बघते. फोनवर आलेला त्यांच्या पायाचा फोटो मी दोनदा मोठा करून बघितला होता.

म्हणजे गोष्ट साधी होती. रस्ता खालून आला तर काकी दवाखान्यात जाणार होत्या. खालून यायचा तर आमची बहारीनची पाकिटं लागणार होती, कारण इथली बहुतेक माणसं खालच्या घरांतली. आणि ती पाकिटं आता गॅझेटेड अधिकाऱ्यावाचून चालणार नव्हती.

माझा स्वभाव असा की राग आला की मी भांडायच्या आधी चौकशीला निघते. दुसऱ्या आठवड्यात ड्यूटी संपल्यावर पोस्टात गेले. काउंटरवरच्या बहारीनी बाईंना विचारलं, रजिस्टर्ड पत्र भारतातल्या खेड्यात किती दिवसांत पोचतं? त्या गोड हसल्या. म्हणाल्या, इथून कधी निघेल ते मी सांगू शकते, पुढचं कसं सांगू? मग मला विचारलं, एवढं काय महत्त्वाचं आहे त्यात? मी म्हटलं, मत आहे. कशाचं? रस्त्याचं. त्यांनी शेजारच्या बाईला अरबीतून काहीतरी सांगितलं आणि दोघी माझ्याकडे अशा काही आदराने बघायला लागल्या की मला वाटलं, यांना मी भारताची मंत्रीबिंत्री वाटले की काय!

गॅझेटेड अधिकाऱ्याचंही विचारून झालं. सहीला साक्ष हवी तर दूतावासात अपॉइंटमेंट घ्यायची आणि कामाच्या दिवशी जायचं. मला जमलं असतं. नवऱ्यालाही जमलं असतं, तो ड्रायव्हर, वाटेत कुठेतरी गाडी लावली असती. पण भाऊजींना? ज्यांना आईला बघायला रजा मिळत नाही, त्यांनी मालकाला काय सांगायचं, सहीवर शिक्का मारून आणतो म्हणून?

आता मला एकच प्रश्न छळायला लागला. हे नियम केले कुणी आणि का? वरच्या घरांतल्या लोकांचा डाव आहे, असं नवरा म्हणाला. इथल्या सगळ्यांचं तेच मत. मलाही तसंच वाटत होतं, पण नुसतं वाटून माझं भागत नाही. मी सरळ मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, बोलणं एकदम शुद्ध.

"वहिनी, वैयक्तिक घेऊ नका," त्यांनी सुरुवातच अशी केली.

"घेतलंय," मी म्हटलं. "आता सांगा."

ते घसा खाकरून म्हणाले, मागच्या मतदानात मुंबईहून एका माणसाचं पाकीट आलं. पाकीट फोडून, मत मोजून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की तो माणूस आदल्या वर्षीच वारला. मुलाने बापाच्या नावाने पाठवून दिलं होतं. मी म्हटलं, हे वाईट झालं. खरंच वाईट. त्यासाठी काहीतरी करायला हवं, हे मलाही पटलं.

"आणि तुमच्या बहारीनचं प्रकरण तर त्याहून विचित्र आहे," ते म्हणाले.

"आमचं? आम्ही काय केलं?"

"सगळी पाकिटं एकाच पत्त्यावरून. पोस्ट बॉक्सचा नंबर एकच. वरचं अक्षरसुद्धा एकाच हाताचं. आता तुम्हीच सांगा, एवढी माणसं काय एका खोलीत राहतात? आम्ही काय समजायचं? एकच माणूस बसून सगळ्यांची मतं देतोय, असंच ना?"

मी आधी हसले. इतकी हसले की पलीकडून "हॅलो, हॅलो" सुरू झालं. मग मात्र संतापले. मग पुन्हा हसू आलं.

अहो, तो बॉक्स आमच्या इमारतीखालच्या कोल्ड स्टोअरचा! दुकान रत्नागिरीच्या एका कोकणी मुसलमान चाचांचं. इथे पोस्ट बॉक्स भाड्याने घ्यावा लागतो, आणि कंपनीच्या खोलीत सहा जणांत राहणारा माणूस कशाला घेतोय बॉक्स? म्हणून चाचांचा बॉक्स तो सगळ्यांचा बॉक्स. बँकेची पत्रं, लग्नपत्रिका, पोरांचे गावाकडचे दाखले, सगळं चाचांच्या गल्ल्यामागच्या बिस्किटाच्या डब्यात येऊन पडतं, आणि दूध आणायला गेलं की ते हाक मारतात, "तुमचा कागूद आलाय, न्या." आणि अक्षर माझं. पत्ता लिहायला सगळे माझ्याकडे येतात, कारण माझं अक्षर बरं आहे. आतली खूण ज्याची त्याची असते, पाकीट ज्याचं तोच चिकटवतो. नवऱ्याने कुठे खूण केली तेसुद्धा मला आजतागायत माहीत नाही, आणि तो सांगतही नाही मेला.

हे सगळं सेक्रेटरींना सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे आम्हाला कसं कळणार?"

"विचारायचं! फोनला काय पैसे पडतात आजकाल?"

"व्हॉट्सअॅपवरच मतदान घेऊ असंही सुचवलं होतं काहींनी."

"तुमच्या ग्रुपवर सकाळी टाकलेलं दुपारी अख्ख्या तालुक्याला कळतं. कसलं गुप्त मतदान?"

ते पहिल्यांदा हसले. पण नियम मंडळाने केलेत, मंडळच बदलू शकेल, येत्या सभेत बोला, म्हणून त्यांनी फोन ठेवला. डाव कुणाचाच नव्हता. त्यांना आम्ही कसे राहतो ते माहीत नव्हतं, आणि आम्हालाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. गावी गेलं की आपण अत्तर आणि खजूर वाटतो, एका खोलीत सहा खाटा असतात हे कोण सांगतंय?

सभा व्हिडिओ कॉलवर होती. तुबलीच्या गॅरेजात जमलो, कारण भाऊजींच्या एका गाडीचा रंग वाळत होता आणि त्यांना हलता येत नव्हतं. ऑइलच्या पिंपावर फोन टेकवला. वाडीतले इथे असलेले सगळे आले होते, कुणी कंपनीच्या कपड्यांतच. खाडीकडून तुबलीचा तो नेहमीचा सांडपाण्याचा वास येत होता आणि पंखा नुसताच गरम वारा फिरवत होता. पलीकडे गावात देवळाच्या सभामंडपात माणसं बसलेली दिसत होती.

मी बोलायला उभी राहिले. चांगली तयारी केली होती. पोस्ट बॉक्स म्हणजे काय, रजा म्हणजे काय, कामाचा दिवस म्हणजे काय, सगळं सांगितलं. मृताच्या नावाचं मत थांबवायला हवं हेही मान्य केलं. पण एका लबाडापायी वीस खऱ्या माणसांची मतं बाद करणार का, असं जरा आवाज चढवूनच विचारलं. तिकडून वरच्या घरातला एक जण म्हणाला, "वहिनी, तुमी घाटावरच्या. जो हजर रवता तेच्याच मताक किंमत, ही हयली पद्धत." दोन-चार माना हलल्या. माझं पाठ केलेलं सगळं तिथेच संपलं. अस्सा राग आला म्हणून सांगू!

तेवढ्यात मागून भाऊजी पुढे आले. हातात घासायचा कागद तसाच. त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलंच नाही. सभामंडपात खांबाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या आजोबांना हाक मारली. हे आजोबा देवळाचे मानकरी. जत्रेला देवापुढे उभं राहून साऱ्या वाडीसाठी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे मोठ्याने देवाला सांगणं सांगतात, आणि लोक "होय महाराजा" म्हणून साथ देतात.

"आजोबानू, औंदा जत्रेक माझ्या नावान गाऱ्हाणा घातलात काय?"

"घातलंय तर!" आजोबा कानाशी हात नेत म्हणाले. "दर वर्साक घालतंय. जी लेकरा परमुलखात चाकरीक असत, तेंका सुखी ठेव म्हणान."

"मी हजर होतंय?"

"तू खंयचो हजर? तू थंय नाय काय!"

"मगे देवान इचारल्यान काय तुमका, ह्याची सही खंय, शिक्को खंय?"

मग आजोबांनी त्यांचं बोळकं उघडून असं हसायला सुरुवात केली की अख्खा सभामंडप हसायला लागला. गॅरेजात तर कुणीतरी पत्र्यावर थाप मारली. मी भाऊजींकडे बघतच राहिले. एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

सेक्रेटरी मात्र हसण्यावर विरघळणारे नव्हते. "देवाला माणूस ओळखू येतो," ते म्हणाले, "आम्हाला पाकिटावरून ओळखू येत नाही. त्याचं काय?" प्रश्न बरोबर होता. मग त्यावर खरी चर्चा झाली, आणि भांडण न होता झाली. ठरलं ते असं: गॅझेटेड अधिकारी रद्द. स्वतंत्र पत्ता रद्द. प्रत्येकाने व्हिडिओ कॉलवर स्वतःचं ओळखपत्र, म्हणजे आम्ही आमचं इथलं रेसिडेंट कार्ड, आणि बंद पाकीट धरून सेक्रेटरींना तोंड दाखवायचं, आणि मग पाकीट कुणाच्याही हाती गावी गेलं तरी चालेल. वरच्या घरातला तो माणूस तोंड वाकडं करून बसला होता, पण विरोधात हात त्यानेही वर केला नाही.

पाकिटं चाचाच घेऊन गेले. ते रत्नागिरीला चालले होते, वाट वाकडी करून स्वतः वाडीत जाऊन देऊन आले. काकींनी त्यांना आंबोळ्या खाऊ घातल्या आणि त्यांच्याकडून आमच्या सगळ्यांच्या तब्येती विचारून घेतल्या.

मतमोजणी शनिवारी होती. गॅरेज चालू होतं, पण मालक त्याच्या काचेच्या केबिनमध्ये होता आणि भाऊजींनी फोन पुन्हा पिंपावर ठेवला होता. मी आणि नवरा धावतपळत पोचलो. रस्ता खालून येणार. आमची पाकिटं नसती तर वरून गेला असता, हे सगळ्यांना दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने मला भर गॅरेजात मिठी मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत.

तिकडे कुणीतरी फोन काकींच्या घरी नेला. त्या ओटीवर बसलेल्या, पायाला फडकं बांधलेलं.

"आये, रस्तो खालसून येतलो," भाऊजी म्हणाले. "आता डॉक्टराकडे जा. रस्त्याची वाट बघू नको. ह्याच आठवड्यात जा."

"जातंय रे. सेक्रेटरी म्हणालो, तो चार माणसा आणि डोली घेऊन येता सोमवारी. जातंय." मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "तुझो कागद पोचलो. तू कधी येतलंस?"

भाऊजी खाली बघायला लागले. "रजा मेळाक होयी ना, आये."

"मालकाक कधी इचारलंस?"

"इचारलंलंय. मागच्या वर्साक."

"मागच्या वर्साक!" काकी म्हणाल्या. "माझ्या पायापायी साऱ्या वाडीपुढे बोललंस. मी आयकलंय सगळा. तसा तेच्यापुढे बोल. आता. मी हयसर बसलंय."

भाऊजींनी घासायचा कागद पिंपावर ठेवला. हात पुसले, दोनदा पुसले. मग फोन माझ्या हातात दिला, केबिनच्या दारावर टकटक केली आणि आत गेले. दार बंद झालं. काचेतून नुसते हात हलताना दिसत होते. मालकाने चहाचा पेला खाली ठेवला होता.

"काय म्हणता गो तो?" काकी विचारत होत्या. "काय म्हणता मालक?"

"मालक अजून काही म्हणत नाही, काकी," मी म्हटलं. "तुमचा झीलच बोलतोय."